ओटीपी माझ्या खिशात होता

ग्रंथपाल दिवसभर पुस्तकं वाचत बसतो, असा एक गैरसमज आपल्याकडे आहे. माझ्या सासऱ्यांनी तर त्याच भरवशावर मला मुलगी दिली. वाचणारा माणूस आहे, घरात भांडणार नाही, असं त्यांचं गणित. त्यातलं वाचणंही चुकलं आणि न भांडणंही. पूर्णेच्या एका कॉलेजात मी निवृत्तीपर्यंत ग्रंथपाल होतो, आणि भांडण हेच माझं मुख्य काम होतं. वाळवीशी भांडलो, गळक्या छताशी भांडलो, पुस्तकातलं हवं ते पान ब्लेडनं कापून नेणाऱ्या प्राध्यापकांशी भांडलो. शेवटी ज्यांच्या सहीनं माझा पगार निघायचा त्यांच्याशीही भांडलो. ते शेवटचं भांडण इथं सांगायचं आहे.

बाहेरच्या माणसाला आमचं काम दिसत नाही म्हणून आधी थोडं त्याबद्दल. पुस्तक आलं की त्याची नोंद करायची, त्याच्या विषयाचा क्रमांक ठरवून पाठीवर चिकटवायचा आणि त्याला कपाटात त्याची जागा द्यायची. ती जागा चुकली की ते पुस्तक असून नसल्यासारखं. माणसं ग्रंथालयात पुस्तक शोधायला येतात असं आपण म्हणतो, पण खरं तर ते कुठं ठेवलंय हे मला आठवतंय का, ते बघायला येतात.

मग संगणक आला. माझं त्याच्याशी भांडण नव्हतं. उलट मीच सगळ्यात जास्त उड्या मारल्या. प्रत्येक पुस्तकावर बारकोड लावायचा ठरला. स्टिकर आले. परभणी जिल्ह्यातल्या मे महिन्यात माणसाची कातडी जागेवर राहते हेच नशीब, तिथं स्टिकरचा डिंक कसला टिकतो? सकाळी लावलेले बारकोड दुपारी पंख्याच्या वाऱ्यावर फरशीवर फिरायचे. तेव्हा माझं डोकं चाललं. घरून मैद्याची खळ शिजवून आणली आणि मी आणि आमचे ग्रंथालय परिचर गफूरभाई, दोघांनी मिळून सगळे बारकोड खळीनं पक्के बसवले. इतके पक्के की मी स्वतःवर खूश होऊन सुट्टीवर गेलो.

परत आलो तर उंदरांनी खळ खाल्लेली, आणि खळीबरोबर बारकोड. उरलेल्या पट्ट्यांवर यंत्र धरलं की ते नुसतं शिट्टी मारायचं.

गफूरभाई म्हणाले, "साब, पूरी जिंदगी इन चूहों को एक किताब पढ़ते नहीं देखा. बारकोड आया तो सब मेंबर हो गए."

असा मी आधुनिक झालो. पुढचं ऐकताना हा इसम कोण आहे ते लक्षात असू द्या.

आमच्या संस्थेचे सचिव म्हणजे भाऊसाहेब. आमच्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी. त्यांच्या काळात ते वाचनकक्षात नेमानं यायचे, कारण गावात त्या वेळी एवढे मोठे पंखे दुसरीकडे नव्हते. माणूस वाईट नाही, पण उत्साही. त्यांनी पुण्याच्या एका कंपनीकडून ॲप घेतलं. हजारो पुस्तकं मोबाइलवर, कुठूनही उघडा. सगळ्या विद्यार्थ्यांची नावं त्यात घाला, म्हणाले, मूल्यांकन समिती यायची आहे.

ॲपमध्ये नाव घालायचं तर मोबाइल नंबर लागायचा, आणि पुस्तक उघडायचं तर त्या नंबरावर सहा आकड्यांचा ओटीपी यायचा. मी टेबल मांडून बसलो. तिथं पहिली अडली ती संघमित्रा.

संघमित्रा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. पिंगळीहून रेल्वेनं यायची. वडील गवंडीकाम करायचे.

"नंबर सांग."

"सर, घरात एकच फोन हाय. तो दादासंगं चाकणला गेलाय."

"मग त्याचाच टाकू."

"टाका, पण त्याच्या कंपनीत गेटवरच फोन काढून घेतेत. ओटीपी दिवसभर गेटवरच्या वॉचमनकडं राहील." मग म्हणाली, "तुमचाच टाका ना सर. तुमी तर हितंच असताव."

मी टाकला. त्यात मला काही वावगं दिसलं नाही. मागे रांग होती. मागच्या मुलीनं ते ऐकलं. तिचा फोन वडिलांच्या खिशात, वडील रानात. तिच्या मागचीचा फोन भावाकडं, आणि तो हातही लावू द्यायचा नाही. "सर, माझा बी तुमचाच टाका." "माझा बी." एक नंबर अनेक नावांना चालतो, ही त्या ॲपची सोय होती की चूक, मला आजही माहीत नाही. दुपारपर्यंत बाहेरगावच्या बहुतेक सगळ्या मुलींच्या नावापुढं माझा नंबर होता, आणि दिलेलं काम वेळेत संपवलं म्हणून मी समाधानानं चहा पीत होतो.

दुसऱ्या दिवशी माझा फोन खिशात जो थरथरायला लागला तो थांबेना. ओटीपीवर नाव नसतं हे मला तेव्हा कळलं. एकदम पाच-सहा यायचे. मग मी वाचनकक्षाच्या दारात उभा राहून मोंढ्यातल्या धान्याच्या लिलावासारखा ओरडायचो, "चार, सात, सात, एक... कुणाचा?" दोघी एकदम हात वर करायच्या. शेवटी गफूरभाईंनी पिठाच्या गिरणीवर डबे लावतात तशी मुलींची रांग लावली. एकीचं दळण झाल्याशिवाय दुसरीनं बटण दाबायचं नाही.

मी रजेवर असलो तरी सुटका नव्हती. मावसभावाच्या दहाव्याला नदीवर गेलो होतो. पिंड मांडलेला, कावळा शिवेना, सगळे हात जोडून गप्प उभे. तेवढ्यात गफूरभाईंच्या फोनवरून एका मुलीचा फोन, सर, उद्या परीक्षा हाय. मी बाजूला तोंड करून हळूच सांगायला लागलो, "नऊ, शून्य, दोन..."

थोरले मामा म्हणाले, "त्या कावळ्याला नंबर सांगायलाव का?"

पण एक गोष्ट झाली, आणि ती मी अभिमानानं सांगतो. पुस्तकं वाचली जाऊ लागली. रसायनशास्त्राचं जे महागडं पुस्तक आमच्याकडं एकच होतं आणि जे कायम एका प्राध्यापकांच्या घरी मुक्कामाला असायचं, ते आता पाच मुली एका वेळी वाचत होत्या. कुठं? तर आमच्याच वाचनकक्षात. ग्रंथालयातले संगणक, कॉलेजचं वायफाय, मैत्रिणीचा फोन, जे मिळेल त्यावर.

याचं कारण आमच्याकडची रीत. बाहेरगावच्या मुलींचे तास दुपारी संपतात आणि परतीची पॅसेंजर संध्याकाळकडं येते. मधला वेळ स्टेशनवर बसून काढला तर घरी बोलणी बसतात, बाजारात फिरलं तर त्याहून जास्त. वाचनकक्षात बसलं तर कुणाचा बाप काही बोलत नाही. तेवढाच त्यांचा वाचायचा वेळ. घरी गेलं की भाकरी, पाणी, धुणं. कितीतरी मुलींच्या पदव्या त्या पॅसेंजरच्या उशिरावर निघाल्या आहेत. गाडी लेट झाली की बाकी सगळं जग वैतागतं, आमच्याकडं अजून एक धडा व्हायचा.

पहिल्या सत्राच्या शेवटी कंपनीचा अहवाल आला. ॲपच्या वापरात आमचं कॉलेज सगळ्यात पुढं. संस्थेच्या सभेत माझा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, हार. सत्कार म्हटलं की माझ्यातला विवेक आपोआप बाहेर जाऊन उभा राहतो. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो.

भाऊसाहेब भाषणाला उठले. "आपल्या ग्रंथपालांनी खेड्यापाड्यातल्या मुलींना घरबसल्या पुस्तक दिलं!" टाळ्या. मी नम्रपणे मान खाली घातली. "आता कुणाला इथं येऊन बसायची गरजच राहिली नाही!" टाळ्या. मान खालीच. "म्हणून तो वाचनकक्ष रिकामा करून तिथं आपण डिजिटल स्टुडिओ बांधतोय!"

माझ्याही टाळ्या वाजल्या होत्या हो. हात सवयीनं चालतात. मग कळलं. माझ्याच सत्काराच्या भाषणात माझा वाचनकक्ष गेला होता, आणि मी खांद्यावर शाल घेऊन त्याचा आनंद साजरा करत होतो.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांना भेटलो. म्हणालो, "भाऊसाहेब, घरबसल्या कुणी वाचत नाही. सगळ्या इथं बसून वाचतात."

"मग अहवाल खोटा आहे का?"

"अहवाल खरा आहे."

"मग?"

वाचलं हे अहवालात होतं. कुठं बसून वाचलं, हे यंत्र विचारतच नाही. प्राचार्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "सर, शाल मिळाली, आता सहा महिन्यांत निवृत्ती. कशाला खाजवून खरूज काढता?" मी म्हणालो, शाल परत देतो. ते म्हणाले, ती संस्थेच्या हिशेबात खर्ची पडली, परत घेता येत नाही.

समिती यायची झाली तेव्हा भाऊसाहेबांना एक नामी कल्पना सुचली. समितीसमोर मोठ्या पडद्यावर दाखवायचं की मुलगी आपल्या गावात, आपल्या घरात बसून पुस्तक उघडते. कोणती मुलगी? अहवालात जिचं नाव पहिलं, ती. म्हणजे संघमित्रा. कॉलेजचा कोरा टॅब घेऊन ऑफिसातला क्लार्क तिच्याबरोबर पिंगळीला जाणार.

आदल्या दिवशी ती माझ्याकडं आली.

"सर, नव्या टॅबवर बी ओटीपी मागंल."

"मागू दे."

"तो तुमच्याकडं येईल."

"येऊ दे."

"मग सगळ्यांसमोर मी काय सांगू?"

"विचारतील ते खरं सांग."

तिनं बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, "खरं बोलले तर मला काढतील का कॉलेजातून? पप्पाला लय इनवण्या करून शिकायलेय मी."

"तुला काढायच्या आधी मला काढावं लागेल."

"तुमी तर रिटायरच व्हायलाव, सर."

ती बॅग उचलून गाडीला गेली. मी मात्र विचार करत बसलो, की आपण एका पोरीच्या जिवावर शूर व्हायलोय. सकाळी ठरवलं, की जे बोलायचं ते आधी मी बोलायचं. नोटीस माझ्या नावानं निघाली पाहिजे, तिच्या नाही.

समिती सभागृहात बसली. अध्यक्षबाई लांबच्या विद्यापीठातल्या, कमी बोलणाऱ्या. व्हिडिओ कॉल लागला आणि पडद्यावर पिंगळीचं घर उघडलं. संघमित्रा भिंतीला टेकून बसलेली, टॅब हातात. शेजारी इन केलेल्या शर्टातला क्लार्क. आणि दारात अख्खी गल्ली. शर्ट इन केलेला परका माणूस, टॅबवर रांगेत बसलेली मोठी माणसं, मधोमध लाजलेली पोरगी. गल्लीनं आपल्या परीनं अर्थ लावला होता.

एक म्हातारी टॅबमध्ये तोंड घालून म्हणाली, "यातला पोरगा कोणता म्हणायचा?"

"मावशी, सरका ना! कॉलेजचं हाय हे," संघमित्रा.

"कॉलेजचा का असंना. नोकरी पक्की हाय का त्याला?" असं म्हणून तिनं थेट भाऊसाहेबांकडं निरखून पाहिलं. "हे तर लय वयाचं दिसायलंय गं."

सभागृहात खोकल्याची साथ आली. भाऊसाहेब लाल होत म्हणाले, "बाळा, तू पुस्तक उघड."

तिनं उघडलं. पडद्यावर सहा रिकामे चौकोन आले. माझ्या खिशात फोन थरथरला.

"टाक ओटीपी. आला असंल," क्लार्क तिला म्हणाला.

"माझ्याकडं न्हाई येत तो." ती अडखळली. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "माझ्याकडं आलाय."

सगळ्या माना वळल्या. भाऊसाहेब दातांतून म्हणाले, "मग सांगा की सर, पटकन."

"भाऊसाहेब, ओटीपी कुणालाही सांगू नका, असं बँकवाले रोज बजावतात."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी नव्हे. अध्यक्षबाई म्हणाल्या, "यांच्या घरातल्या पुस्तकाची किल्ली तुमच्या खिशात कशी?"

"एकट्या हिची नाही मॅडम, बाहेरगावच्या बहुतेक मुलींची आहे. नंबर मीच टाकलेत, तो गाढवपणा माझा. आकडे सांगतो, पण आधी तुम्ही तिला विचारा, एरवी ती कुठं बसून वाचते."

बाईंनी विचारलं.

संघमित्रानं एकदा क्लार्ककडं पाहिलं, एकदा दाराकडं. मग टॅब उचलला आणि सावकाश फिरवून सगळी खोली दाखवली. चूल, भांडी, खाटेवर झोपलेली आजी, पुस्तकावर ठेवलेला पिठाचा डबा, दारातली गल्ली.

"मॅडम, हितं कुठं वाचू सांगा. आता तुमी सगळे बघायलाव तर मावशी एवढं बोलायलीय. एकटी बसले की समदेच बोलतेत. रिकामी बसलीस तर पाणी आण, म्हणतेत. पुस्तक हातात असलं तरी मी रिकामीच दिसते ह्यांना. कॉलेजात एक खुर्ची हाय. त्या खुर्चीत बसले की मला कोणी हाक मारत न्हाई. मोबाइलमधी पुस्तक मिळायलंय, लय चांगलं हाय. पण खुर्ची कुठं हाय मोबाइलमधी?"

मागून म्हातारी म्हणाली, "काय बाई तोंड हाय पोरीला." पण हळू म्हणाली.

मी ओटीपी सांगितला. पुस्तक उघडलं. ते कुणी पाहिलं नाही. अध्यक्षबाई उठल्या आणि म्हणाल्या, ती खुर्ची मला दाखवा. दुपारच होती. वाचनकक्ष गच्च भरलेला. बाईंना बसायला जागा नव्हती, त्या उभ्यानंच पाहत राहिल्या.

समिती गेली आणि मला कारणे दाखवा नोटीस आली. संस्थेचा अपमान होईल अशा प्रकारे ओटीपी रोखून का धरला, वगैरे. मी उत्तर दिलं की नियम मोडला असेल तर शिक्षा करा, पण शिक्षा वाचनकक्षाला करू नका. त्याला अजून उत्तर आलेलं नाही. मी निवृत्त झालो तरी माझी चौकशी बहुधा चालूच असावी. संघमित्राला कुणी काही बोललं नाही. पदवी घेऊनच ती बाहेर पडली.

भाऊसाहेब मात्र हटले नाहीत. समिती येते नि जाते, म्हणाले, स्टुडिओ होणार म्हणजे होणार. समिती गेल्यावर दोनच दिवसांनी कॉन्ट्रॅक्टरला घेऊन आले, ऐन दुपारी. खोली मोजायची होती.

मुली बसल्या होत्या. भाऊसाहेब म्हणाले, "जरा उठा बरं सगळ्या. मोजमाप घ्यायचंय."

कुणी उठलं नाही. मी काहीच शिकवलं नव्हतं, शपथेवर सांगतो. मीसुद्धा बघतच राहिलो. ओरडल्या नाहीत, घोषणा नाही, काही नाही. मान खाली घालून वाचत राहिल्या. कॉन्ट्रॅक्टर बिचारा वाकला आणि टेप सोडली. टेप बाकाखालून सरकत आली तशी एकेकीनं पाय वर घेतले, घरी कुणी झाडायला लागलं की घेतात तसे. टेप पुढं गेली की पाय खाली. पान उलटलं. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत असे पाय वर गेले आणि खाली आले.

भाऊसाहेब दारात उभे होते. मी त्यांना खुर्ची दिली नाही. रिकामी नव्हतीच.

कॉन्ट्रॅक्टर घाम पुसत त्यांच्याजवळ गेला. "भाऊसाहेब, मोजली. पण खोली रिकामी करून द्या, मगच हात लावीन. माझी बी पोरगी गाडीनंच जाती कॉलेजला."

स्टुडिओ पुढं संस्थेच्या बैठकीच्या खोलीत झाला. गुबगुबीत खुर्च्या होत्या तिथं, पण एवढ्या दाटीनं बसणारं कुणी नव्हतं. त्या दुपारी मात्र हे काहीच ठरलेलं नव्हतं. भाऊसाहेब निघून गेले, कॉन्ट्रॅक्टर एकटाच टेप गुंडाळत राहिला. बाहेर गाडीचा भोंगा वाजला तेव्हा कुठं मुली उठल्या.

संघमित्रा दाराशी त्याच्याजवळ थांबली. म्हणाली, "काका, पुन्हा मोजायचं असलं तर सकाळी या. दुपारी आमी असतोत."